आत्याआजींचा दुखवटा

ओबरवाल्डाउच्या राजवाड्यात मी बावीस वर्षं कपड्यांची कोठी सांभाळली, आणि खरं सांगते, त्यातला निम्मा वेळ काळेच कपडे सांभाळले. लोकांना वाटतं, राजाघरची नोकरी म्हणजे हिऱ्यामोत्यांत हात. कसले हिरे आणि कसले मोती! माझे हात सदानकदा काळ्या लोकरीत. ती मेली लोकर अशी टोचायची की अंगावर पुरळ उठायचं. कसर लागू नये म्हणून तिच्या घड्यांत तंबाखूची पानं घालून ठेवावी लागत, त्यामुळे दुखवट्याच्या पहिल्या दिवशी सगळा दरबार एकसाथ शिंकायचा.

आमच्या ड्यूक लेबरेख्त सरकारांचं राज्य ते केवढं? सकाळी घोड्यावर बसलात तर दुपारच्या जेवणाला परक्या मुलखात. पण सोयरेधायरे विचाराल तर लिस्बनपासून पीटर्सबर्गपर्यंत. कुठल्याही सिंहासनावर कुणी खोकलं की आमच्याकडे काळजी सुरू. नात्यातलं राजरक्ताचं माणूस गेलं की अख्ख्या दरबारानं काळं घालायचं, ही रीत. किती जवळचं माणूस आणि किती दिवस, ते सगळं दरबारी मार्शल फॉन क्नोपेन यांच्या जाडजूड पुस्तकात लिहिलेलं. आईबाप गेले तर वर्षभर. काका, मामा, आत्या गेली तर सहा आठवडे. आणि ज्याचं नाव सरकारांना दोनदा विचारून घ्यावं लागायचं, असा कुणी गेला तरी चार दिवस. तेवढ्या काळात गाणं नाही, नाच नाही, आणि लग्न तर नाहीच नाही.

त्या 'लग्न नाही'पायी आमच्या फिलिपिनाच्या जन्माचं वाटोळं व्हायची वेळ आली होती.

फिलिपिना म्हणजे सरकारांची एकुलती एक लेक. मी नोकरीला लागले तेव्हा ती सहा वर्षांची होती, पुढचे दात पडलेली आणि आईवेगळी. चारचौघांत मी तिला बाईसाहेब म्हणायची आणि दार लावलं की पोरी. ती मला बुर्गी म्हणायची, कारण तेव्हा दातांअभावी तिला वाल्बुर्गा म्हणता येत नव्हतं, आणि पुढे दात आले तरी तिनं नाव काही बदललं नाही.

तिचं लग्न ठरलं होतं शेजारच्या निडरआउएनच्या राजपुत्र कासिमिरशी. दिसायला म्हणाल तर काही विचारू नका. ठेंगणा, केसांचा टोप काढला की चकचकीत टक्कल, आणि नाद कसला तर मधमाश्या पाळायचा. मुलगी बघायला आला तेव्हा आमच्याकडची मेजवानी होती. आता आमच्याकडे पद्धत अशी, की सरकारांनी काटा खाली ठेवला की सगळ्यांच्या ताटल्या उचलायच्या. आणि सरकार जेवतात असे, की जणू मागे कुणी लागलंय. एक पदार्थ पाहुण्यांपुढे येतो न येतो तोच गायब. पाहुणे उपाशी उठतात आणि जेवणाची तारीफ करतात. या कासिमिरनं दोन पदार्थ जाताना पाहिले आणि तिसऱ्या वेळी बटाट्याचा गोळा सरळ अस्तनीत सारला. मग बागेत फिरताना तो रुमालात धरून फिलिपिनापुढे केला. म्हणाला, "राजकन्या, अर्धा तुमचा." मी वरच्या खिडकीतून बघत होते. पोरगी अशी हसली, अशी हसली, की तिला कारंज्याचा कठडा धरावा लागला. तिला इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला रडूच आलं.

लग्न तीनदा ठरलं आणि तीनदा पुढे गेलं. पहिल्या वेळी सरकारांचे कुणी मावसमामा गेले. दुसऱ्या वेळी एक थोरल्या चुलत काकू. तिसऱ्या वेळी दक्षिणेकडच्या कुठल्याशा राजघराण्यातलं नऊ दिवसांचं बाळ गेलं. त्याच्या नावात चौदा शब्द होते, बिचाऱ्याला ते ऐकून घ्यायलाही वेळ मिळाला नसेल. मग कासिमिरचा काका, जो तिथला राजा, तो वैतागला. त्यानं निरोप धाडला, या वर्षात लग्न लागलं तर लागलं, नाहीतर नवीन साल उजाडताच पुतण्याचं लग्न एका विधवा काउंटेसशी. तिच्या नावावर तीन जंगलं होती.

आणि फिलिपिनानं कुठे जायचं? ग्राउएनब्रुनला. थोरामोठ्यांच्या बिनलग्नाच्या लेकी तिथल्या मठात राहतात, करड्या टोप्या घालतात आणि एकमेकींवर रुसतात. तिथल्या मुख्य बाई म्हणजे सरकारांच्या आत्या, राजकन्या आडेलगुंडा. फिलिपिनाच्या आत्याआजी. पोरीसाठी तिथली खोलीसुद्धा ठरली होती, उत्तरेच्या बाजूची, जिथे ऊन म्हणून कधी येत नाही.

चौथ्यांदा तारीख ठरली ती दोन नोव्हेंबर. आणि वीस ऑक्टोबरला सकाळी ग्राउएनब्रुनहून पत्र आलं. वर काळ्या लाखेची मोहर.

आता हे नीट ऐका, कारण असला घोळ फक्त आमच्याकडेच होऊ शकतो. सरकारांच्या नावचं पत्र सरकारांनीच उघडायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. आणि सरकार मनाचे इतके हळवे, की काळी लाख दिसली की ते पांढरेफटक पडायचे, "क्नोपेन, बघा तुम्ही," म्हणायचे आणि आपल्या घड्याळांच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे. मार्शलना पत्र उघडायचा अधिकार नाही. मग ते काय करायचे? पत्र कुठून आलंय ते बघायचे, तिथलं सगळ्यात म्हातारं माणूस कोण ते पुस्तकात शोधायचे आणि दुखवटा जाहीर करायचे. न उघडलेलं पत्र चांदीच्या तबकात घालून कपाटात. बारा वर्षं हे असंच चाललं होतं, आणि नवल म्हणजे एकदाही चुकलं नव्हतं.

तर संध्याकाळच्या आत अकरा दरबारांकडे घोडेस्वार सुटले. राजकन्या आडेलगुंडा, वय वर्षं चौऱ्याऐंशी, यांचं निधन. सहा आठवडे.

मी तेव्हा फिलिपिनाच्या अंगावर लग्नाचा झगा टाचण्या लावून बसवत होते. मार्शल दारात उभं राहून वाचून गेले. पोरीनं आपल्याच हातानं एकेक टाचणी काढली, माझ्या उशीत खोचली, आणि म्हणाली, "बुर्गी, काळं काढ."

माझं डोकंच फिरलं. मी मार्शलना जिन्यात गाठलं.

"आठवडाभर पाळा की! नाहीतरी बावीस वर्षांत त्या बाईंनी इकडे पाऊल टाकलेलं नाही."

"आत्या म्हणजे सहा आठवडे," मार्शल म्हणाले. "चुलत असत्या तर तीन."

"अहो, सहा आठवडे संपेपर्यंत नाताळाआधीचा उपास लागतो. त्यात पाद्रीबाबा लग्न लावत नाहीत. मग वर्षच संपलं!"

"ते मला दिसतंय, वाल्बुर्गाबाई." आणि खरंच, त्यांचाही चेहरा उतरलेला होता. माणूस वाईट नव्हता तो. पुस्तकाबाहेर त्याला चालता येत नव्हतं, एवढंच.

तीस तारखेला, रविवारी, राजवाड्याच्या प्रार्थनाघरात स्मरणसभा ठेवली. मधोमध रिकामी शवपेटी, तिच्यावर काळी मखमल, भोवती शंभर मेणबत्त्या. पुढे सरकार, मागे फिलिपिना, मग दरबारी, आणि अगदी शेवटच्या बाकावर नोकरमाणसं, म्हणजे मी. सरकारांचं तोंड पेटीकडे असेस्तोवर कुणी मान वळवायची नाही, असा नियम. त्यामुळे मागचं दार करकरलं तरी कुणी बघितलं नाही. काठी टेकत एक म्हातारी आत आली, बूट चिखलानं भरलेले, अंगावर प्रवासाचा झगा.

"सरक जरा," ती मला म्हणाली. "माझा गुडघा वाकत नाही." आणि बसली. मग कुजबुजली, "कोण गेलं गं?"

"ग्राउएनब्रुनची म्हातारी."

"कुठली? तिथे अठरा म्हाताऱ्या आहेत."

"सगळ्यात थोरली. आडेलगुंडा."

म्हातारीनं मान उंचावून पुढच्या पेटीकडे बघितलं. मग म्हणाली, "कशानं?"

"वयानं. चौऱ्याऐंशी म्हणजे काय कमी झालं?"

"त्र्याऐंशी," ती म्हणाली. "बरी होती का बाई?"

आता दहा दिवस मी आतल्या आत धुमसत होते. कुणीतरी ऐकणारं मिळालं आणि मी सुटलेच. "असेल बरी. मी कुठे पाहिली तिला? पण मरायचंच होतं तर आणखी थोडी कळ काढायची! त्र्याऐंशी वर्षं काढली, दोन आठवडे जड झाले? माझी पोरगी अठ्ठावीस वर्षांची, चौथ्यांदा लग्न ठरलेलं, तेरवाची तारीख, आणि ही गेली ती आमचं लग्न घेऊन गेली. आता तिकडे तो विधवेच्या गळ्यात, आणि इकडे ही त्या थंडगार मठात!"

"लग्न पुढे ढकललं?" म्हातारी एवढ्यानं ओरडली की दोन मेणबत्त्या थरथरल्या. "पुन्हा?"

पुढे पाद्रीबाबा सांगत होते, की स्वर्गीय राजकन्येनं ओठांवर आपल्या प्रिय भाच्याचं नाव घेत शांतपणे डोळे मिटले.

"धादांत खोटं!" म्हातारी म्हणाली आणि उठली.

ती मधल्या वाटेनं निघाली. टक, टक, टक. एकाही माणसानं मान वळवली नाही, नियम म्हणजे नियम. ती पेटीपाशी पोचली, सरकारांकडे तोंड करून उभी राहिली. पाद्रीबाबांचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. सरकारांनी तिला पाहिलं, डोळे विस्फारले, आणि देवाशप्पथ सांगते, कमरेत वाकून मुजरा केला. वडीलधाऱ्यांना आधी मुजरा, हे हाडीमांसी खिळलेलं, मग पुढे भूत का असेना. सरकार वाकले म्हणून सगळा दरबार वाकला.

"लेबरेख्त," आत्याआजी म्हणाल्या, "माझं पत्र मिळालं नाही का रे? खोलीत शेकोटी पेटवून ठेव म्हणून लिहिलं होतं."

पुढचा तमाशा सरकारांच्या खोलीत झाला. सरकार, मार्शल, फिलिपिना आणि आत्याआजी. त्यांचा ओला झगा धरायला म्हणून मीही आत घुसले. तबकातून पत्र आलं, मोहर तशीच शाबूत. सरकारांनी मानेनं खूण केली आणि मार्शलनी ते फोडलं. पहिलं पान सगळं सरकारांच्या पदव्यांत गेलेलं. दुसऱ्या पानावर, मी तीस तारखेला लग्नासाठी येते, शेकोटी पेटव, पिसांची गादी नको, शिंका येतात.

"पण आत्या, काळी लाख!" सरकार रडकुंडीला आले.

"माझा कुत्रा गेला."

"कुत्र्यासाठी काळी लाख?"

"माणसांसाठी मी तांबडीच वापरते."

मी झग्यात तोंड खुपसलं, नाहीतर हसू फुटलं असतं. मला वाटलं, चला, सुटलो. म्हातारी धडधाकट आहे, दुखवटा रद्द, दोन तारखेला लग्न. मी आनंदानं फिलिपिनाकडे बघितलं. ती मार्शलकडे बघत होती. तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

मार्शल घसा खाकरून म्हणाले, "आपण हयात आहात याचा दरबाराला अतीव आनंद आहे. पण पुस्तकात दुखवटा सुरू करण्याची चौदा कारणं आहेत. मृत व्यक्ती जेवायला आल्यामुळे तो थांबवावा, असं एकही नाही."

"मग नवं लिहा!"

"आत्या, अकरा दरबार काळं घालून बसलेत!" सरकारांचा आवाज चिरकला. "आता मी त्यांना काय कळवू? काढा ते, चूक झाली? अख्खा युरोप हसेल मला. ओबरवाल्डाउवाल्यांना जिवंत आणि मेलेलं कळत नाही म्हणतील. आधीच कमी हसतात का?"

"मग मी काय करू आता? मरू?"

सरकारांनी मार्शलकडे बघितलं. मार्शलनी जमिनीकडे.

"सहा आठवडेच," मार्शल हळूच म्हणाले. "त्यानंतर प्रकृतीला उतार पडल्याचं ग्राउएनब्रुनहून कळवता येईल."

आत्याआजींनी काठी अशी आपटली की भिंतीवरची तीन घड्याळं बंद पडली. मग त्या गर्रकन फिलिपिनाकडे वळल्या. ती आपली दाराशी उभी, काळ्या लोकरीत, हात जुळवून.

"आणि तू गं? तुझं लग्न मोडतंय आणि तू खांबासारखी उभी!"

"मला कुणी विचारलं नाही, आत्याआजी."

"मी विचारतेय. तो मधमाश्यावाला आवडतो तुला?"

अठ्ठावीस वर्षांत त्या वाड्यात हा प्रश्न कुणी कुणाला विचारला नव्हता. मीही नाही, आणि त्याची मला त्या क्षणी फार लाज वाटली.

"आवडतो," फिलिपिना म्हणाली. आधी हळू, मग जरा मोठ्यानं. "त्याच्याशी बोलायच्या आधी मला वाक्य जुळवावं लागत नाही. आणि मला ग्राउएनब्रुनला यायचं नाही. रागावू नका, तुमचं घर आहे ते. पण मला नाही यायचं तिथे."

"मलाही जायचं नव्हतं," आत्याआजी म्हणाल्या.

त्या खुर्चीत बसल्या. त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं, पण आता कोण बोलणार?

"माझंही ठरलं होतं. काउंट होता, दात जरा पुढे, पण गोड माणूस. तीन दुखवटे झाले. चौथ्याला त्याच्या घरचे थांबले नाहीत. सात पोरं झाली त्याला. मागल्या साली गेला, तर दरबारातून मला हुकूम आला, दूरचा सोयरा, तीन दिवस करडं घाला." त्यांनी नाक पुसलं. "मी घातलं. तीन दिवसांनी काढूनही ठेवलं. काढताना मला स्वतःचाच इतका राग आला!"

मार्शलांना हातातला कागद अर्धवट ठेवायची सवय नव्हती, ते आपले पत्राचं शेवटचं पान वाचत होते. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या.

"इथे शेवटी एक ओळ आहे," ते म्हणाले, आणि सरकारी आवाजात वाचू लागले. "आणि लेबरेख्त, या खेपेला कुणीही मेलं, मग ती मी का असेना, तरी लग्न एक दिवस जरी पुढे ढकललंस, तर गाठ माझ्याशी आहे."

"बरोबर लिहिलंय," आत्याआजी म्हणाल्या.

मार्शल पुस्तकावर तुटून पडले. त्यांच्या गालांवर लाली चढली. मी त्या माणसाला इतकं खूश आधी कधीच पाहिलं नव्हतं. "सापडलं! मृताची शेवटची लेखी इच्छा दुखवट्याच्या सर्व नियमांच्या वर. दाखलाही आहे. सरकारांचे पणजोबा! त्यांनी लिहून ठेवलं होतं की मी गेलो तरी रानडुकराची शिकार थांबवू नका, आणि थांबवली नव्हती. तारीख आधीची, सही आहे, मोहर आहे. लग्न दोन तारखेला लागू शकतं!"

मी झगा टाकून टाळ्याच पिटल्या.

"फक्त," मार्शल म्हणाले, आणि त्यांचं बोट पुढच्या ओळीवर थांबलं, "ती इच्छा मृताची असली पाहिजे. जिवंत माणसानं लिहिलं तर ते नुसतं पत्र."

"म्हणजे मी मेलेली असले तर लग्न होतं."

"होय."

"आणि सहा आठवड्यांनी मला उतार पडला तर?"

"तर ते लग्न भर दुखवट्यात लागलं असं ठरेल. निडरआउएनचे काकासाहेब ते मोडू शकतील. त्यांना ती जंगलं हवीच आहेत."

आत्याआजी बोटांवर मोजू लागल्या. "ग्राउएनब्रुन?"

"नव्या मुख्य बाई निवडतील."

"माझी सहा घोड्यांची गाडी?"

"त्यांना मिळेल."

"माझं नाव?"

मार्शलनी पुस्तक मिटलं. "नाव दगडावर कोरायला दिलंय, राजकन्या."

चाळीस वर्षं ही बाई त्या मुलखातल्या प्रत्येक दारातून सगळ्यांच्या आधी आत गेलेली. मी तिच्या जागी असते तर? खरं सांगते, नाही म्हटलं असतं. फिलिपिना पुढे आली. "नको, आत्याआजी. माझ्यासाठी नको. मी थंडीची सवय करून घेईन."

"तू मधे बोलू नकोस. बापाला विचार, मेलेल्या माणसाची इच्छा मोडता येते का?" मग त्या भाच्याकडे वळल्या. "बरं तर. मेले मी. जेवायला काय आहे?"

झालं, पुढची पंचाईत जेवणाचीच झाली. मेलेल्या राजकन्येला टेबलावर कितव्या क्रमांकाची खुर्ची? पुस्तकात नव्हती. म्हणून मी त्यांना खाली मुदपाकखान्यात आमच्यात घेऊन आले. वरचं अन्न चाळीस हातांतून आणि सहा दालनांतून जातं, पोचेपर्यंत त्यावर साय धरलेली. इथे मी चुलीवरचं सूप सरळ वाडग्यात ओतलं. आत्याआजींनी घोट घेतला आणि किंचाळल्या.

"भाजलं गं!"

"गरम आहे, बाईसाहेब. फुंकून प्यायचं."

"असं असतं होय," त्या म्हणाल्या, आणि तीन वाडगे प्यायल्या.

लग्न दोन तारखेला लागलं. आत्याआजी आणि मी प्रार्थनाघरातल्या नोकरांच्या सज्ज्यातून खाली वाकून बघत होतो. कासिमिर आनंदानं इतका घामाघूम झाला होता की त्याचा टोप घसरून कानावर आला, आणि फिलिपिनानं भर प्रार्थनेत तो दोन्ही हातांनी सरळ केला. असं कधी कुणी करत नाही. आत्याआजींनी माझ्या दंडाला एवढा चिमटा काढला की आठवडाभर निळं होतं. त्या दिवसांत मार्शलांना त्या दिसायच्याच नाहीत, मेलेलं माणूस कसं दिसणार? पण त्या दाराशी आल्या की मार्शल "फार कोंदट झालंय बुवा" म्हणत दार उघडायचे आणि त्या बाहेर पडेस्तोवर छताकडे बघत उभे राहायचे.

दुसऱ्या दिवशी नवरीची गाडी निघाली. मीही तिच्याबरोबर जाणार होते. आत्याआजी अंगणात गाठोडं घेऊन उभ्या, जायचं कुठे ते ठाऊक नाही. फिलिपिनानं गाडीचं दार स्वतः उघडलं.

"चढा, आत्याआजी."

"कोण म्हणून चढू? मला आता पदवी नाही, मान नाही, काही नाही."

"ही कोण?" कासिमिरनं विचारलं. त्याला आतली भानगड अजून कुणी सांगितली नव्हती.

"माझ्या आत्याआजी. मेल्या आहेत," फिलिपिना म्हणाली.

"अस्सं." त्यानं क्षणभर विचार केला. "त्यांना मध चालतो का?"

सरकार निरोप द्यायला आले होते. मेलेल्या आत्याशी बोलायची सोय नव्हती, म्हणून ते घोड्याच्या मानेला थोपटत घोड्यालाच म्हणाले, "गुडघ्याखाली गरम वीट ठेवत जा. गारठा फार आहे." त्यांचे डोळे भरलेले होते.

निडरआउएनला त्या पाच वर्षं राहिल्या. मधमाश्यांच्या बागेतलं छोटं घर त्यांना दिलं होतं. तिथे त्यांना कुणी राजकन्या म्हणालं नाही. माळी त्यांना गुंडाबाई म्हणायचा आणि त्याच्याशी त्यांचं कोबीवरून रोज कडाक्याचं भांडण व्हायचं. फिलिपिनाची दोन्ही पोरं त्यांच्याच मांडीवर बोलायला शिकली, आणि सगळ्यात आधी काय शिकली तर "धादांत खोटं". बटाट्याचे गोळे त्या हातानं खायच्या. माश्या चावल्या की शिव्या द्यायच्या, आणि संध्याकाळी पुन्हा पोळ्यांपाशी जाऊन बसायच्या.

मार्चमधल्या एका सकाळी मी त्यांचं सूप घेऊन गेले, तर त्या खुर्चीतच गेलेल्या होत्या. शाल खांद्यावरून घसरली होती, तेवढी मी नीट केली.

कुणाला कळवायचं? त्या तर पाच वर्षांपूर्वीच मेल्या होत्या. कुठे पत्र गेलं नाही, घोडेस्वार सुटला नाही. अकरा दरबारांत त्या दिवशी कुणी काळं घातलं नाही. ओबरवाल्डाउला तर संध्याकाळी नाच होता म्हणे.

फिलिपिना मुदपाकखान्यात आली. अंगावर पिवळा झगा, पोरांच्या हातचे जॅमचे डाग पडलेला. मी तिला सांगितलं. मग सवयीनं तोंडातून निघून गेलं, "काळं काढू का, पोरी?"

"कशाला?" ती म्हणाली. "कुणी गेलंय थोडंच."

आणि ती तशीच खाली बसली, पिठानं माखलेल्या फरशीवर, पिवळ्या झग्यात, आणि तोंड उघडं टाकून लहान पोरासारखी रडायला लागली. मावसमामासाठी, थोरल्या काकूंसाठी, त्या चौदा नावांच्या बाळासाठी आणि आणखी कितीकांसाठी मी तिच्या अंगावर काळं चढवलं होतं, आणि एकदाही तिच्या डोळ्यांतून टिपूस निघालेलं मी पाहिलं नव्हतं. आता तिला थांबताच येईना. कासिमिर आला, काही न विचारता तिच्या एका बाजूला बसला. दुसऱ्या बाजूला मी बसले. मलाही आवरेना. त्या दिवशी वाड्यात कुणालाच दुपारचं जेवण मिळालं नाही, आणि कुणी मागितलंही नाही.